एटी की पीसीटी? सहा महिने चालायला निघण्याआधी

नोकरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली आहे, किंवा नोकरीच सोडायची तयारी आहे. गुडघे अजून कुरकुरत नाहीत आणि एकच लांबलचक वाट सलग चालायची आहे. असे सह्याद्रीतले ट्रेकर अलीकडे बरेच भेटतात, आणि त्यांचं घोडं बहुतेक वेळा अमेरिकेतल्या दोन वाटांपाशी अडतं: पूर्वेकडची ॲपलेशियन ट्रेल आणि पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. चालणारे त्यांना एटी आणि पीसीटी म्हणतात.

फोटो पाहून ठरवायचं तर प्रश्नच नाही, पीसीटी. वाळवंट, सिएरा नेवाडातली निळीशार तळी, वॉशिंग्टन राज्यातले ज्वालामुखी. एटीचे फोटो म्हणजे झाडं, आणखी झाडं आणि धुकं. पण भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने फोटोंआधी कॅलेंडर उघडावं.

तारखांचं गणित

पर्यटक व्हिसावर अमेरिकेत उतरलात की विमानतळावरचा अधिकारी सहसा सहा महिन्यांचा मुक्काम देतो. सहसा, कारण अंतिम निर्णय त्याचा. हे सहा महिने एटीवर जेमतेम पुरतात. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यं आणि सुमारे ३,५०० किलोमीटर. लोकांना पाच ते सात महिने लागतात. विश्रांतीचे आणि प्रवासाचे दिवस वजा करून १६० दिवस चालायला मिळाले, तर रोज २२ किलोमीटरची सरासरी पडते. त्यात कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे, तिथले मुक्काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच. म्हणजे एप्रिलमध्ये निघालात तर पुढे हवामानाची मुदत आणि मागे पासपोर्टवरच्या शिक्क्याची.

यावर जुना आणि चांगला तोडगा आहे. हार्पर्स फेरी हे गाव वाटेच्या साधारण मध्यावर, वॉशिंग्टन डीसीहून रेल्वेने गाठता येण्यासारखं. तिथून एप्रिलअखेर उत्तरेकडे चालायला लागायचं, कटाडिन गाठायचं, मग गाडीने परत हार्पर्स फेरीला येऊन दक्षिणेकडे स्प्रिंगरपर्यंत चालायचं. याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. कटाडिनची मुदत डोक्यावर राहत नाही आणि मार्चमधली जॉर्जियातली गर्दीही टळते. कटाडिनच्या माथ्यावर शेवट करण्याचा सोहळा तेवढा हुकतो.

पीसीटी जास्त लांब आहे, सुमारे ४,२६५ किलोमीटर, तरी बहुतेक लोक ती पाच महिन्यांत उरकतात. म्हणजे रोजचे २८ किलोमीटर. इथे शिक्का आडवा येत नाही, बर्फ येतो. फार लवकर निघालात तर सिएरात बर्फाच्या भिंती, फार उशिरा निघालात तर सप्टेंबरअखेर वॉशिंग्टनमध्ये नवा बर्फ. मधली फट एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंतची, आणि नेमक्या त्याच तारखांच्या परवान्यांवर सगळे तुटून पडतात. मेक्सिकोच्या सीमेवरून उत्तरेकडे निघणाऱ्यांना दिवसाला ५० परवाने मिळतात. परवाना फुकट आहे, पण ऑनलाइन रांगेतला नंबर नशिबावर. एटीला असा एक परवाना नाहीच. ग्रेट स्मोकी माउंटन्सची फी भरायची, शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचा परवाना काढायचा, कटाडिनसाठी एक मोफत कार्ड घ्यायचं, बाकी बहुतेक मोकळं रान.

आणखी एक. पीसीटीचं उत्तर टोक कॅनडाच्या सीमेवर आहे. पूर्वी परवाना घेऊन चालतच कॅनडात शिरता यायचं. २०२५ पासून कॅनडाने ती सोय बंद केली. आता खांबापाशी फोटो काढून सुमारे ५० किलोमीटर मागे हार्ट्स पासला यावं लागतं. भारतीयांना तसाही कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावा लागायचा, तेव्हा हा तोटा आपल्याला कमीच जाणवेल.

पायाखाली काय आहे

खरा फरक इथे आहे आणि तो उंचीच्या आकड्यांतून कळत नाही. एटीचा सर्वांत उंच माथा कुवोही, जेमतेम २,०२५ मीटर. पीसीटीवरची फॉरेस्टर पास ४,००९ मीटर. तरीही पायांना एटी जास्त छळते. पीसीटी घोड्यांनाही चालता यावी अशी आखली आहे, चढ बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांच्या आत, लांबलचक वळणं घेत सावकाश वर जाणारी वाट. एटी जुनी, १९३७ साली पूर्ण झालेली. तिला वळणं घ्यायचा कंटाळा. टेकडी दिसली की सरळ वर, तसंच सरळ खाली, वर काही दिसेलच असं नाही. कात्रज ते सिंहगड केलेल्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. फक्त तो सहा महिने चालतो असं समजायचं. एकूण चढाई जवळजवळ १,४०,००० मीटर भरते. पेनसिल्व्हेनियात तिरके रोवल्यासारखे टोकदार दगड बुटांचे तळ खातात, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये काठ्या आवरून कातळाला हात घालायची वेळ येते.

म्हणूनच सह्याद्रीत वाढलेल्याला एटी ओळखीची वाटते. चिखल, ओली मुळं, घामट हवा, दिवसेंदिवस पाऊस. जळवांच्या जागी टिक्स, म्हणजे गोचिड्या, असतात आणि हे प्रकरण गंभीर आहे, कारण त्यांच्यापासून लाइम रोग होतो. रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला तपासणं सोडायचं नाही.

पीसीटीवर ओळखीचं फारसं काही नाही. पहिले ११०० किलोमीटर कोरडे. सिझर्स क्रॉसिंगपासून बॅरल स्प्रिंगपर्यंत सुमारे ३८ किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. मध्ये स्वयंसेवक बाटल्या ठेवतात, पण त्या असतीलच असं धरून चालायचं नसतं. पाच-सहा लिटर पाणी म्हणजे पाठीवर तेवढेच किलो. नंतर सिएरा: बर्फकुऱ्हाड, बुटांना काटे, अस्वलांपासून अन्न वाचवणारा सक्तीचा डबा. बर्फ वितळायला लागला की ओढ्यांना ओढ येते. २०१७ च्या बर्फाळ हंगामात तिथे चालणारे बुडून गेले आहेत. उन्हाळ्यात वणवे पेटतात आणि वाटेचे मोठाले तुकडे बंद होतात. मनाली किंवा उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला नसेल तर एकट्याने मे महिन्यात सिएरात शिरू नका, एवढं मी ठामपणे सांगेन. हिमालयातला नेहमीचा गाइड-खेचर-स्वयंपाकी ट्रेक हा या बाबतीत अनुभव धरायचा नाही. इथे खेचर आपणच.

माणसं, मुक्काम, जेवण

एटीवर अडीचशेहून जास्त निवारे आहेत: तीन भिंती, एक छप्पर, समोरची बाजू उघडी. आढ्याला दोऱ्या लोंबतात आणि प्रत्येक दोरीवर मध्येच एक उपडा डबा अडकवलेला. उंदीर दोरीवरून उतरून तुमच्या पिशवीत जाऊ नये म्हणून. कोपऱ्यात एक वही असते, तिच्यात पुढे गेलेल्यांचे निरोप. एकटेपणाची धास्ती असलेल्याला हे मोठं बळ. पीसीटीवर निवारे जवळजवळ नाहीतच, रोज आपला तंबू.

गावं एटीवर तीन-चार दिवसांनी लागतात, पीसीटीवर काही ठिकाणी आठवड्याने, आणि तिथवर बऱ्याचदा लिफ्ट मागून जावं लागतं. शाकाहाऱ्यांचे हाल दोन्हीकडे सारखे. छोट्या दुकानात शेंगदाण्याचं लोणी, टॉर्टिया, चीज आणि नूडल्स मिळतात. अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर वाळवलेली डाळ आणि पोह्यांची पाकिटं पुढच्या पोस्ट ऑफिसला पाठवायला सांगा. पोस्ट ती काही दिवस राखून ठेवतं. खर्चात फारसा फरक नाही. महिना हजार डॉलरमध्ये काटकसर करावी लागते, दीड हजारात माणूस माणसासारखा राहतो, आणि विमान, सामान, विमा वेगळा.

माझा कौल असा. सह्याद्रीत दहा वर्षं काढली आहेत पण बर्फात पाऊल टाकलेलं नाही, तर एटी, आणि तीही हार्पर्स फेरीहून फ्लिप-फ्लॉप. बर्फाचं शिक्षण झालंय, रोज २८-३० किलोमीटरचा पल्ला अंगवळणी आहे आणि परवान्याची तारीख हातात आली, तर पीसीटी. दोन्हींत जीव अडकला असेल तर आधी एटी, कारण परवाना मिळाला नाही म्हणून ती कधी रद्द होत नाही.

अमेरिकेचा व्हिसाच नाकारला गेला तर न्यूझीलंडची ते अरारोआ बघा: केप रेइंगापासून ब्लफपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर, २०११ पासून खुली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघायचं आणि मार्चपर्यंत पोहोचायचं. डांबरी रस्ता बराच लागतो आणि नद्या पुलाविना ओलांडायच्या असतात. पावसानंतर पाणी उतरेपर्यंत काठावर थांबण्यासाठी दोन दिवसांचं जादा अन्न पिशवीत ठेवा.