काँगाकुट नदीवरची राफ्टिंग-हायकिंग ट्रिप, आठ महिन्यांनंतर लिहितेय

जूनच्या शेवटी जाऊन आले आणि आता फेब्रुवारी संपत आलाय. आल्या आल्या लिहायला बसले असते तर नुसतं "अप्रतिम, शब्द नाहीत" एवढंच लिहिलं गेलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. मधल्या काळात ओळखीतल्या पाच-सहा जणांनी फोन करून विचारलं की एवढे पैसे घालून जावं का, त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण जायचा विचार असेल तर वाचा.

आधी कुठे ते सांगते. अलास्काच्या पार ईशान्य कोपऱ्यात आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज आहे, साधारण ७८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा पाव हिस्सा धरा, आणि एवढ्या जागेत रस्ता नाही, आखलेली पायवाट नाही, पाटी नाही. त्याच्या मधून ब्रूक्स रेंजची डोंगररांग जाते आणि काँगाकुट त्या डोंगरांतून निघून उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. आमची ट्रिप ड्रेन क्रीकपासून कॅरिबू पासपर्यंत, १० दिवस, आम्ही सहा पाहुणे, दोन गाइड, दोन राफ्ट. मी ५२ वर्षांची, मूळची नाशिकची, आता सिएटलजवळ राहते, बरोबर माझा भाचा होता. माणशी सात हजार डॉलरच्या थोडे वर गेले, फेअरबँक्सपर्यंतचं विमान, तिथलं हॉटेल आणि गाइडची टिप वेगळी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारीपण आहेत.

फेअरबँक्सहून छोट्या विमानाने आर्क्टिक व्हिलेजला गेलो, हे ग्विचिन या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव, आणि तिथून अजून छोट्या विमानाने ब्रूक्स रेंज ओलांडून नदीकाठी. सामानाबरोबर आपलंही वजन करतात, माणशी ५० पाउंड सामान, त्यात स्लीपिंग बॅगसुद्धा आली. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, घेतलाय का हे पायलटला आधी सांगावं लागतं. विमान उतरतं ते नदीच्या गोट्यांच्या पट्ट्यावर, मोठमोठी मऊ टायरं असतात त्याला. सामान उतरवलं, विमान गेलं, त्याचा आवाज डोंगरामागे विरला आणि मग जी शांतता पसरली ना, मी सह्याद्रीत पंचवीस वर्षं फिरलेय, तिथे रात्री किल्ल्यावर झोपलं तरी खाली कुठेतरी एखादा कुत्रा भुंकतो, एखाद्या वाडीचा दिवा दिसतो. इथे काहीच नाही. नदी आणि वारा.

आता राफ्टिंगबद्दल. ऋषिकेश किंवा कोलाडसारखं उसळतं पाणी डोळ्यासमोर असेल तर ते इथे नाही. बहुतेक नदी क्लास वन-टू, म्हणजे सोप्या पाण्याची, मध्ये एका घळीत क्लास थ्री आहे तेवढाच थरार. वल्हवायचं काम गाइडच करतात, लांब ओअर्स असतात, आपण पुढे बसायचं, उथळ जागी राफ्ट अडकली की उतरून ढकलायची. धोका लाटांचा नाहीये, थंडीचा आहे, पाणी बर्फाचं असतं आणि मदत शेकडो मैल लांब. दुसरा धोका ऑफआइसचा. हा शब्द मी जाईपर्यंत ऐकलेला नव्हता. हिवाळ्यात झऱ्यांचं पाणी गोठलेल्या नदीच्या वरून वाहत राहतं आणि थरावर थर गोठत जातो, असा जाड बर्फ जून-जुलैपर्यंत टिकतो, नदी मग त्यातून आपली वाट कापते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच निळसर भिंती आणि मधून पाणी. वाट मोकळी असेल तर ठीक, पण पाणी कुठे बर्फाखाली शिरत असेल तर आपणही त्याच्याबरोबर खाली जाणार.

चौथ्या दिवशी आमच्या मुख्य गाइडने, ती साधारण चाळिशीतली बाई होती, बर्फ दिसायच्या बरंच आधी राफ्ट काठाला लावली. आम्हाला थांबवून दोघे गाइड चालत पुढे गेले, दीड-दोन तासांनी परत आले. म्हणाली, एका वळणावर ताजा मोठा तुकडा कोसळून पडलाय, फट आहे पण मला आवडली नाही, आज जायचं नाही. संपलं. आमच्यातल्या एकाने बराच वाद घातला की मग पुढचे हाइक कमी होतील, तर तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचं पाणी ठेवलं. दीड दिवस तिथेच. ती दर तीन-चार तासांनी जाऊन बघून यायची, आणि एकदा तिने मलाही बरोबर नेलं. काठावरच्या एका दगडावर तिने चाकूने रेघ मारून ठेवली होती, पाणी त्या रेघेच्या किती खाली-वर आहे ते दाखवलं, रात्री थंडी वाढली की वरचं वितळणं मंदावतं आणि पाणी उतरतं, दुपारी चढतं, असं सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली आता नुसतं ऐक. थेंब थेंब गळत होतं, मधेच आतून खोल कुठेतरी कडाड असा आवाज, आणि मग बराच वेळ काही नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यानेच तो तुकडा फोडून नेला, तिने पुन्हा चालत जाऊन शेवटपर्यंत बघितलं आणि मगच आम्ही निघालो. भिंतींच्या मधून जाताना फ्रीजचं दार उघडल्यासारखी थंड हवा अंगावर येत होती, कोणी बोलत नव्हतं.

मला आज विचाराल तर मी सात हजार डॉलर त्या दीड दिवसाचे दिले. राफ्ट कोणीही भाड्याने देईल, नकाशा मिळेल, पण "आज नाही" म्हणणारं माणूस बरोबर हवं, आणि पाहुणे नाराज होतील म्हणून ते म्हणायला न कचरणारं हवं.

हायकिंगबद्दल मात्र कंपनीच्या माहितीपत्रकावर माझा राग आहे. "मॉडरेट" लिहिलं होतं. अंतर बघाल तर दिवसाला सात-आठ मैल, त्यात काय एवढं असं वाटतं. पण टुंड्रा म्हणजे टसॉक्स, घागरीएवढे गवताचे डुलणारे गड्डे आणि त्यांच्या मधे चिखल-पाणी, कारण खाली जमीन कायमची गोठलेली, पाणी मुरायला जागाच नाही. गड्ड्यावर पाय ठेवलात तर तो कलतो, मधे ठेवलात तर पाय घोट्याच्या वर रुततो. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेली मी, पण पहिल्या दिवशी तासाला एक मैल जेमतेम झाला. गुडघ्याचा त्रास असेल तर नीट विचार करा. वर धारेवर पोचलं की मात्र चालायला सुरेख, कोरडं, आणि दोन्हीकडे दऱ्याच दऱ्या.

दुसरी तक्रार ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या अंगभर सूटची. भाड्याचा सूट कंपनीचाच होता आणि गळ्याचं रबर जुनं होऊन चिरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना मी घसरले आणि गळ्यातून पाणी थेट छातीवर उतरलं, श्वासच अडकला. गाइडने स्वतःचा जादा सूट मला दिला, नाहीतर पुढचं कठीण होतं. परत आल्यावर ऑफिसला लिहिलं, तीन आठवड्यांनी उत्तर आलं आणि भाड्यातले थोडे पैसे परत केले. मुद्दा पैशांचा नाही, फेअरबँक्समध्ये सूट घालून बघायला अर्धा तास द्यायला हवा होता. तुम्ही जाल तेव्हा गळ्याचं आणि मनगटाचं रबर हाताने ताणून बघा, लाजू नका.

जेवण. मी शाकाहारी, फॉर्मवर लिहिलं होतं तरी तीन रात्री सामन मासा होता, पण गाइडने प्रत्येक वेळी मला वेगळी डाळ-भाजी करून दिली. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पहिल्याच संध्याकाळी ती काढून द्यावी लागली, कारण तंबूत वासाचं काहीही ठेवायचं नाही, टूथपेस्ट आणि व्हॅसलिनसुद्धा नाही, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात आणि तो डबा झोपायच्या जागेपासून शंभर पावलांच्या पलीकडे. ग्रिझली आम्हाला एकदाच दिसला, पलीकडच्या उतारावर मुळं उकरत होता, वीस मिनिटं बघितला, त्याने आमच्याकडे लक्षही दिलं नाही. पण नियम शेवटच्या दिवसापर्यंत तेवढेच कडक. मला ते आवडलं.

आता कॅरिबू, म्हणजे तिकडचे रानटी रेनडिअर. स्पष्ट सांगते, दिसतीलच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पॉर्क्युपाइन नावाचा हा कळप, २०१७ च्या मोजणीत २,१८,००० च्या आसपास होता, पण तो कधी कुठून जाईल हे दरवर्षी बदलतं. आमचं नशीब आठव्या दिवशी उघडलं. रात्रीचे दोन वाजले असतील, तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, तर भाचा तंबू हलवत होता, "मावशी ऊठ, लवकर बाहेर ये, बूट नको घालू." बाहेर आले तर समोरचा आख्खा उतार हलत होता. माद्या आणि त्यांची तीन-चार आठवड्यांची पिल्लं. आम्ही झुडपांपाशी खाली बसून राहिलो आणि त्या आमच्या दोन्ही बाजूंनी गेल्या, इतक्या जवळून की पायांचा आवाज ऐकू येत होता. चालताना त्यांच्या पायातली शीर हाडावरून सरकते आणि टिक् असा आवाज येतो, एकाचा कळत नाही, पण हजारोंचा मिळून तव्यावर मोहरी तडतडावी तसा येतो. पिल्लं हाका मारत होती, आया घशातून उत्तर देत होत्या. एक पिल्लू नदीच्या काठावर थांबलं, आई पलीकडे पोचलेली, ते पुढे जायचं, मागे यायचं. आई परत पोहत आली, त्याला हुंगलं, आणि दोघं पाण्यात उतरली. भाचा रडत होता आणि मीही.

या माद्या किनाऱ्याजवळच्या सपाट भागात वितात. ग्विचिन लोक त्या जागेला आयुष्य सुरू होतं ती पवित्र जागा मानतात, आणि २०१७ च्या कायद्याने तिथेच तेलासाठी दार उघडलं गेलं. किनाऱ्यावरच्या काक्टोविक गावच्या इनुपियाट या मूळ रहिवासी लोकांतल्या अनेकांना तेलाचं उत्पन्न हवंय, त्यांचीही बाजू आहे, त्यांना शाळा-दवाखाने चालवायचेत. पण ते पिल्लू पाहिल्यापासून मी तिथे ड्रिलिंग व्हावं असं म्हणूच शकत नाही.

आठ महिन्यांनंतर सामानाचं काय झालं तेही सांगते. एक्स्ट्राटफचे रबरी बूट, अलास्कात जो तो तेच घालतो, अजून पावसात रोज वापरतेय, कुठे फाटले नाहीत. डोक्यावरची मच्छरजाळी घ्याच, शेवटचे चार दिवस वारा पडला की डास तोंडात जात होते. महागडे जलरोधक हातमोजे घेतले ते फुकट गेले, दोन दिवसांत आतून ओले, त्यापेक्षा साधे लोकरीचे दोन जोड न्या. हवामानामुळे विमान अडकलं तर जादा रात्रींचा खर्च आपला असतो, माझे दोन दिवस गेले, परतीचं तिकीट बदलता येणारं काढा आणि संकटात तिथून उचलून आणण्याचा विमा काढल्याशिवाय जाऊ नका. कंपनीपेक्षा गाइड कोण आहे ते विचारा, त्याच नदीवर किती वर्षं आहे ते विचारा, आणि मागे कधी ट्रिप थांबवली होती का, का थांबवली, हेही विचारा. उत्तर द्यायला वेळ लावला तर दुसरीकडे बघा.

अजून एक. काँगाकुटच्या काठी विलोच्या झुडपात गाइडने ब्लूथ्रोट दाखवला होता, गळ्यावर निळा आणि तांबूस पट्टा, अलास्कातले हे पक्षी हिवाळ्यात समुद्र ओलांडून आशियात येतात. जानेवारीत आईकडे नाशिकला गेले तेव्हा तिला घेऊन नांदूरमध्यमेश्वरला गेले. सकाळी साडेसात, धुकं, पाणथळीच्या कडेला गवतात एक ब्लूथ्रोट शेपटी उडवत चिखलात टोचत होता. हा तिकडचा नसणार, दुसऱ्या कुठल्या तरी उत्तरेकडून आलेला असेल, पण गळा तोच. आईला दुर्बीण दिली. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तिथे रात्र नव्हती म्हणालीस, मग हा झोपायचा कधी गं?" गाइडला हे विचारायचं राहिलंच होतं, म्हणून तिथूनच तिला मेसेज पाठवला.