आठ महिने स्मोकर वापरला, आणि त्यात सगळ्यात जास्त केले ते बटाटे

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात घेतला हा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर लाकडाच्या धुरात पदार्थ शिजवायचं यंत्र, आता जून संपत आला, म्हणजे आठ महिने होतायत आणि तीस-पस्तीस वेळा तरी पेटवला असेल. कोळशावरचा, उभा, ड्रमसारखा, १८ इंची. तळाला कोळशाची टोपली, मधे पाण्याचं भांडं, वर दोन जाळ्या, झाकणाला थर्मामीटर. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला रो-हाऊसमध्ये राहतो, वर गच्ची आहे, तिथेच ठेवलाय. घेतला होता चिकन-मटणासाठी, पण मटण आमच्याकडे महिन्यातून दोनदाच होतं आणि बटाटे दर रविवारी होतात, मग ताटात बाजूला काहीही असो. म्हणून हा अनुभव बटाट्याचाच लिहितेय, कारण स्मोकर घेणारे सगळे मांसाबद्दल विचारतात आणि बटाटा नुसता जाळीच्या कडेला ढकलून देतात, तिथेच तो बिघडतो.

माझाही पहिल्यांदा तसाच बिघडला. अख्खे कच्चे बटाटे सालासकट, चिकनच्या तंगड्यांच्या बाजूला, ११० डिग्रीला ठेवले. दोन तासांनी चिकन मस्त झालं आणि बटाटे आतून कचकचीत. अजून एक तास ठेवले तर शिजले, पण साल कडू झाली, जिभेवर डांबरासारखी चव राहत होती, पोरांनी ताटात तसेच ठेवले. मग मी जरा खोलात गेले. बटाट्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने धरून असतात आणि ते पेक्टिन साधारण ८५ डिग्रीच्या वर गेल्याशिवाय नीट सुटत नाही. आणि स्मोकरमध्ये हवा ११० असली तरी बटाट्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, त्यामुळे तो बराच वेळ थंडच राहतो, अगदी सावकाश वर चढतो. तोवर तीन तास धूर खाऊन बसतो बिचारा. आता मी आत सुई खुपसायचा वेगळा थर्मामीटर वापरते, ९५ ला पोचला की झाला. १०० ची वाट बघत बसू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, इथे पाणीच ९८ ला उकळतं, त्यामुळे बटाटा आतून त्याच्या वर जातच नाही. हाच थर्मामीटर तपासायचा असेल तर उकळत्या पाण्यात धरा, ९८ दाखवला की बरोबर आहे समजायचं.

मग जे जमलं आणि आता जे दर वेळी करते ते असं, की शिजवणं पातेल्यात आणि धूर स्मोकरमध्ये, दोन्ही कामं वेगळी. एक किलो बटाट्याला दोन लिटर पाणी, दोन मोठे चमचे मीठ, बटाटे अर्धे कापून थंड पाण्यातच टाकायचे आणि पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं. सुरी जाते पण मधे जराशी अडते, तिथे बंद करायचं. कुकरला लावू नका, एका शिट्टीत कडा फुटून जातात. पाणी काढून पाच मिनिटं वाफ जाऊ द्यायची, मग चाळणीतच दोन-चार वेळा हलवायचे म्हणजे कडा खरबरीत होतात, त्यावर चमचाभर शेंगदाण्याचं तेल चोळायचं आणि १२० डिग्रीला पाऊण तास ते एक तास. त्या खरबरीत कडांना धूर जो धरतो ना, तो गुळगुळीत सालीवर कधीच येत नाही. एकदा पाहुणे उशिरा येणार होते म्हणून उकडलेले बटाटे फ्रिजमध्ये ठेवले आणि गारच स्मोकरमध्ये टाकले, तर वास जास्त चांगला लागला. थंड आणि किंचित ओलसर असेल तिथे धूर जास्त चिकटतो, हे मला तेव्हा कळलं. आता मुद्दाम तासभर गार करते.

लाकडाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नाशिकमध्ये प्रत्येक जण पहिलं हेच सांगतो की द्राक्षाच्या काड्या वापरा, फुकट मिळतात. मिळतात खरंच. माझ्या मामेभावाची दिंडोरीकडे बाग आहे, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळेला काड्यांचे ढीग पडतात. वेलीच्या लाकडाचा धूर आहे पण सुंदर, हलका, थोडा फळाचा. पण बागेत किती फवारण्या होतात ते आम्ही लहानपणापासून बघतोय. मोरचूद-चुन्याचं बोर्डो, भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांची औषधं, छाटणीनंतर डोळ्यांना लावायची पेस्ट, हे सगळं त्या बारीक काड्यांच्या सालीवर बसलेलं असतं, आणि जे आपण जाळतो ते अन्नावर येतं. मामेभाऊ स्वतःच म्हणाला, "ताई, काड्या नको नेऊ, जुनी बाग काढली ना तिचं खोड देतो." ते खोड दोन वर्षं उघड्यावर पडलेलं होतं, साल पूर्ण तासून काढली आणि आतलं लाकूडच वापरते. ते नसेल तेव्हा आंबा किंवा पेरू. बाभळीचा कोळसा जळायला एकदम चांगला, पण लाकूड म्हणून बटाट्याला धूर फार उग्र होतो. कडुलिंब तर अजिबात नको. आणि लाकूड कोणतंही असो, मुठीएवढे दोन तुकडे बास, बटाट्यात मटणासारखी चरबी नसते धूर पचवायला.

धुराचा रंग बघायला शिका, ही एकच गोष्ट शिकलात तरी चालेल. पांढरा, दाट, डोळ्यात जाणारा धूर येत असेल तर बटाटे आत टाकू नका. लाकूड ओलं असतं किंवा खालची झडप फार बंद असते, आगीला हवा कमी पडते आणि तोच कडवटपणा बटाट्यावर बसतो. धूर पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा झाला की मग टाका. मला पेटवल्यापासून तिथपर्यंत यायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. आणि कृपा करून हे बंद गॅलरीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत करू नका, कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि वासही येत नाही.

बटाटा कुठला, तर नवा बटाटा, पातळ सालीचा, भरीव. पावसाळ्याच्या तोंडाला बाजारात बहुतेक कोल्ड स्टोरेजचा माल असतो, तो गारव्यात राहून गोडसर झालेला असतो कारण स्टार्चची साखर होते, आणि मग कडा लवकर काळ्या पडतात. तसा मिळाला तर आठवडाभर टोपलीत अंधारात बाहेर ठेवते, फरक पडतो. हिरवे डाग असलेला मात्र सरळ टाकून देते, तो विषारीपणा शिजवून जात नाही.

फॉईलबद्दल. फॉईलमध्ये गुंडाळून ठेवला तर धूर आतच जात नाही, मग स्मोकर कशाला पेटवला? आणि फॉईलमधला शिजलेला बटाटा ओट्यावर तसाच ठेवून संध्याकाळी खाणं तर धोक्याचं आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोला अशाच फॉईलमधल्या भाजलेल्या, बाहेर ठेवलेल्या बटाट्यांपासून केलेल्या डिपमधून ३० जणांना बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा, झाला होता. उरले तर फॉईल काढून फ्रिजमध्ये.

आता खायचं कसं. मसाला आधी चोळू नका, तिखट-मसाला धुरात जळून कडू होतो. बाहेर काढल्यावर लोखंडी तव्यात तेल, लसूण, काळा मसाला, गॅस बंद, त्यात बटाटे घोळवायचे. काळ्या रश्श्याच्या मटणाबरोबर हे म्हणजे माझ्या मते पोळीपेक्षाही चांगलं जातं. पण घरातला सगळ्यांचा आवडता प्रकार आईंनी सुचवला, म्हणजे सासूबाईंनी. त्या जळगावकडच्या, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरतावर वाढलेल्या, आणि गॅसवरच्या वांग्याला त्या भरीत म्हणतच नाहीत. डिसेंबरात त्यांनी एक बटाटा नुसता वास घेऊन परत ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याचं भरीत कर, कांद्याची पात घाल." हिरव्या मिरच्या आणि लसूणही स्मोकरच्या वरच्या जाळीवर दहा मिनिटं ठेवले, सगळं ठेचलं, पात, शेंगदाण्याची फोडणी, कळण्याची भाकरी. आई जेवताना काही बोलल्या नाहीत, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्यानंतर तीन वेळा त्यांनीच फोन करून विचारलंय, येऊ का रविवारी.

यंत्राबद्दल तक्रारी आहेत. झाकणावरचा थर्मामीटर चुकीचा, तो १३० दाखवतो तेव्हा जाळीवर ११० असतं. तिसऱ्याच महिन्यात कोळशाच्या भागातला रंग उडाला आणि गंज धरला. दार नीट बसत नव्हतं, धूर तिथूनच बाहेर, आग आवरत नव्हती. विकणाऱ्याला फोटो पाठवले, दोन ठरलेली उत्तरं आली आणि पुढे काहीच नाही, अकरा हजार मोजल्यावर हे मनाला लागलं. शेवटी अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दार सरळ करून घेतलं आणि कडेला उष्णता सोसणारी दोरी चिकटवली, आता उत्तम चालतो. कोळसा जानेवारीत खूप लागला, आमच्याकडे तेव्हा पहाटे पारा दहाच्या खाली आणि निफाडला त्याहून कमी, गच्चीवर वारा, एका वेळेला अडीच किलो जायचा. मे महिन्यात दीड किलोत काम. शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असतात म्हणून मी पेटवायच्या आधी हाक मारते, आणि एक वाटी बटाटे तिकडे जातात.

आता पावसाळ्यात आतला ओला राखेचा थर त्याच दिवशी काढते, तो राहिला की पत्रा खातो. आषाढी एकादशीला उपवासाचे करून बघणार आहे, मीठ सैंधव, शेंगदाण्याच्या तेलाऐवजी तूप, वरून जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट. द्राक्षाच्या खोडाचे सहा तुकडे उरलेत, त्यातले दोन वेगळे काढून कोरड्या डब्यात ठेवलेत.