लेव्हलमधला फेड: अ‍ॅनिमेशनप्लेअर की ट्वीन?

लेव्हल सुरू-बंद होताना स्क्रीन हळूहळू अंधारणं आणि उजळणं म्हणजे फेड. त्यासाठी गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये ऑटोलोडवर (सीन बदलला तरी टिकून राहणारा नोड, म्हणजे गेमचा घटक) कॅनव्हासलेअर (चित्राचा वेगळा थर), त्यात स्क्रीनभर काळा कलररेक्ट (रंगाने भरलेला चौकोन), इथपर्यंत बहुतेकजण येतात. त्याची अल्फा (० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण काळा) कोणी हलवायची, यावर गाडी अडते.

मी आधी अ‍ॅनिमेशनप्लेअर, म्हणजे एडिटरमध्ये आखून ठेवलेली अ‍ॅनिमेशनं चालवणारा नोड, घेतला होता. टाइमलाइनवर दोन की (कोणत्या क्षणी किती अल्फा, याच्या खुणा) टाकल्या की झालं, आणि फेड कसा दिसतोय ते गेम न चालवता एडिटरमध्येच कळतं. सोबत आवाज, ‘लेव्हल २’ असा मजकूर, शेडरने (ग्राफिक्सच्या छोट्या कोडने) मिटत जाणारं वर्तुळ असं काही असेल, तर मी अजूनही तोच घेतो.

बिनसलं ते वेगळ्याच जागी. माझ्या एका लेव्हलमध्ये सुरुवातीलाच दोन पावलांवर काटे आहेत. स्क्रीन अर्धी उजळते न उजळते तोच गडी मेलेला असतो. लगेच फेड-आउट (अंधारणं) सुरू, पण तो आपल्या पहिल्या कीपासून, म्हणजे अल्फा ० पासून! अर्धवट काळी स्क्रीन क्षणभर लख्ख होते आणि मग अंधारते, जुनी ट्यूबलाइट लुकलुकावी तशी. एकदा लक्षात आलं की दरवेळी डोळ्यांत खुपतं. एकच अ‍ॅनिमेशन उलटसुलट चालवलं तर हे टळतं, मान्य. पण मला उजळणं सावकाश हवं होतं, अंधारणं झटपट, आणि दोघांचं इझिंगही (वेग कसा वाढतो-कमी होतो ते) वेगळं. त्यामुळे दोन अ‍ॅनिमेशनं आलीच.

ट्वीनला, म्हणजे कोडमधूनच एखादी किंमत हळूहळू बदलणाऱ्या साधनाला, हा प्रश्नच पडत नाही. आत्ता जी अल्फा आहे तिथूनच तो निघतो. जुना ट्वीन किल करायचा, नवा बनवायचा, ०.३ सेकंदांत काम संपतं. अर्थात त्याचेही नखरे आहेत. किल केलेला ट्वीन ‘फिनिश्ड’ सिग्नल देत नाही, म्हणून त्या सिग्नलची वाट बघत (अवेट करून) बसलेलं फंक्शन तिथेच ताटकळतं. शिवाय ट्वीन ऑटोलोडच्या नोडवर बनवा. मी तो लेव्हलच्या नोडवर बनवला होता. सीन बदलताना लेव्हल गेली, तिच्याबरोबर ट्वीनही गेला आणि स्क्रीन काळी ती काळीच. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

तुमच्या गेममध्ये फेड मध्येच तुटायची वेळ येत नसेल, तर कदाचित काहीच फरक जाणवणार नाही. मी मात्र साध्या काळ्या फेडसाठी टाइमलाइन उघडणं सोडलंय.

आणि काहीही निवडलंत तरी कलररेक्टचा माउस फिल्टर ‘इग्नोर’ करा. नाहीतर अल्फा ० असली तरी कलररेक्ट क्लिक गिळतो. मेन्यूची बटणं चालत नाहीत म्हणून मी बटणांचाच कोड उकरत बसलो होतो.