जदाद की रॉब 2? थिसिसच्या रिव्ह्यूला काय घ्यावं

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, पारखून केलेला आढावा) करणारे एमडीचे विद्यार्थी विचारायला येतात तोवर पेपर जमवून झालेले असतात. अडलेलं असतं एकच: अभ्यासांचा दर्जा कशानं तपासायचा? बहुतेकांचा कल जदाद स्केलकडे, कारण ते झटपट उरकतं.

जदाद 1996 चं, पाच गुणांचं. रँडमायझेशनला (कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे नशिबावर सोडणं) दोन, डबल ब्लाइंडिंगला (कोणता उपचार चालू आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न कळणं) दोन आणि मध्येच गळालेल्या रुग्णांचा हिशेब दिला असेल तर एक. तीन मिळाले की पेपर ‘चांगला’.

आता शस्त्रक्रिया विरुद्ध फिजिओथेरपी अशा दोन चाचण्या घ्या. ब्लाइंडिंग दोन्हीकडे अशक्य, म्हणजे ते दोन गुण गेलेच. पहिलीत गट ठरवणारी यादी दुसऱ्याच इमारतीत, फोन केल्यावरच कळणारी. दुसरीत तीच यादी रुग्ण भरती करणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर. समोरचा रुग्ण जरा नाजूक दिसला आणि यादीत पुढचा नंबर शस्त्रक्रियेचा असला की ‘उद्या या’ म्हणायला तो मोकळा. जदाद दोघींनाही तीनच गुण देतं! यादी कोणाला दिसत होती, हे ते विचारतच नाही. आणि हे किरकोळ नव्हे. शुल्झ आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 250 चाचण्या तपासल्या, तेव्हा जिथे यादी नीट झाकलेली नव्हती तिथे ऑड्स रेशो (उपचाराचा परिणाम मोजणारं गुणोत्तर) सरासरी 41 टक्क्यांनी फुगलेला निघाला.

2019 मध्ये आलेलं कॉक्रेनचं (असे रिव्ह्यू करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) रॉब 2, म्हणजे ‘रिस्क ऑफ बायस’, निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा धोका तपासणारं साधन, हाच प्रश्न पहिल्या विभागात विचारतं. एकूण पाच विभाग, बेरीज नाही. निकाल ‘कमी धोका’, ‘काही शंका’ किंवा ‘जास्त धोका’. शिवाय ते अख्ख्या पेपरला नाही, एकेका निष्कर्षाला लावायचं. त्याच ब्लाइंडिंग नसलेल्या चाचणीत मृत्यूची नोंद विश्वासार्ह असू शकते, पण ‘दुखणं किती कमी झालं’ यावर भरवसा ठेवणं अवघड. वेळ मात्र खातं. दोघांनी स्वतंत्रपणे भरायचं म्हटलं की वादही होतात, पण पेपर खरा वाचला जातो तो त्या वादातच.

बेरजेवर माझा राग जुना आहे. 1999 मध्ये युनी आणि सहकाऱ्यांनी हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या 17 चाचण्यांना 25 वेगवेगळी स्केलं लावून पाहिली. उत्तम चाचण्या कोणत्या आणि त्यातून निष्कर्ष काय, हे स्केलगणिक बदललं.

कोहोर्ट किंवा केस-कंट्रोल अभ्यास (ज्यात उपचार संशोधक ठरवत नाहीत, फक्त निरीक्षण करतात) असतील तर हे दोन्ही बाजूला ठेवा. तिथे निवड न्यूकॅसल-ऑटावा (नऊ तारे, सोपं) आणि 2016 चं रॉबिन्स-आय (सात विभाग, किचकट) यांच्यात. प्रश्न उपचाराच्या परिणामाचा असेल तर रॉबिन्स-आय घ्या. पण कन्फाउंडर (वय किंवा आजाराची तीव्रता यांसारखे, निकालात गोंधळ घालणारे इतर घटक) कोणते, याची यादी पेपर उघडण्याआधी गाइडसोबत बसून लिहून काढा. हाताशी दुसरा परीक्षक नसेल, मुदत दोन महिन्यांवर असेल, तर न्यूकॅसल-ऑटावा चालेल; फक्त ताऱ्यांची बेरीज न छापता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या रकान्यात दाखवा.

रँडमाइज्ड चाचण्यांसाठी मात्र रॉब 2 च. पहिले तीन पेपर दोघांनी मिळून भरा, मग वेगळे बसा.