ध्यानाची बैठक म्हणून सोलापुरी चादर

ध्यानासाठी महागडी गादी कशाला? सुती सोलापुरी चादर पुरते. चौपदरी घडी घालून घट्ट गुंडाळा आणि फक्त बुडाखाली ठेवा. उंची चार-पाच बोटं हवी. गुडघे कमरेच्या खाली टेकले की पाठ ताठ राहते. बरेचजण चादर सपाट अंथरतात, मग 10 मिनिटांत पाठ वाकते, पायाला मुंग्या येतात आणि दोष मात्र मनाला! पारा 40च्या वर गेला की सूत घाम टिपतं, फोम तापतो. उणीव एकच: गुंडाळी दबते, अधूनमधून पुन्हा बांधावी लागते. पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात धुवा. रंग जाऊ शकतो. बसायचं पहाटे, चहाआधी, रोज 10 मिनिटं. कडक भाकरी अन् शेंगाचटणी चापून लगेच बसलात तर डुलकी ठरलेली; दोन तास जाऊ द्या.