स्वस्त कंपनीचा ताजा टायर की नामांकित कंपनीचा जुना स्टॉक?
किंमत तीच, टायर दोन: अनोळखी कंपनीचा ताजा किंवा नामांकित कंपनीचा गोदामात पडून राहिलेला. आधी बाजूच्या भिंतीवरचे तारखेचे चार आकडे वाचा. १२२५ म्हणजे २०२५चा बारावा आठवडा. (आकडे आतल्या बाजूला गेले असतील तर टायर उलटवायला लावा, लाजू नका.)

नामांकित टायर दीड वर्षाच्या आतला असेल तर तोच घ्या. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चांगल्या रबराचा फरक कळतो. पाच वर्षांचा असेल तर नाव विसरा. रबर कडक होऊ लागलेलं असतं, खाचांच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसू शकतात.

स्वस्त कंपनीच्या टायरवर आयएसआय खूण हवीच. मूळ टायरवर ८२टी असेल, म्हणजे ४७५ किलो भार आणि ताशी १९० किमी, तर त्याहून कमी चालणार नाही. बॅलन्सिंगला, म्हणजे चाक समतोल फिरावं म्हणून रिमला छोटी वजनं लावताना, वजनांची रांग लागली तर टायर बदलून मागा.