काळ्या मातीत भारी माणसाला कोणता गमबूट चालतो?

मृगाचे दोन पाऊस पडले की तालुक्याच्या बाजारात कृषी केंद्रांच्या दारावर गमबुटांचे जोड टांगलेले दिसतात. गिऱ्हाईक आलं की दुकानदार नंबर विचारतो आणि जोड काढून देतो. साठ-पासष्ट किलोच्या माणसाचं तेवढ्यावर भागतं. नव्वद-शंभर किलोच्या कास्तकाराचं भागत नाही, कारण त्याच्या बाबतीत बूट तळापासून फाटत नाही, घोट्याच्या घडीवर चिरतो.

आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती जास्त, पाणी प्यायली की ती फुगते आणि धरून ठेवते. भारी पाय त्यात खोल रुततो, तळाखाली हवा शिरायला जागा उरत नाही. पाय ओढला की टाच बुटातल्या बुटात वर येते, बूट खालीच राहतो आणि सगळा ताण घोट्याच्या पुढच्या बाजूला येतो. डवरणीच्या मागे दिवसभर चालताना तीच जागा हजारो वेळा दुमडते. म्हणून भारी माणसाने बूट घेताना आधी घोटा पाहावा, मग पोटरी, आणि नंबर शेवटी.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला साधा काळा पीव्हीसीचा, सगळ्यात स्वस्त. घोट्याच्या पुढे अंगठ्याने दाबून पाहा. कागदासारखा आत जाऊन बारीक सुरकुत्या पडल्या तर तो भारी माणसाच्या कामाचा नाही. दाबल्यावर एकच जाड, गोलसर घडी पडली पाहिजे. मग टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून वाकवा. बूट बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक. मधोमध, तळव्याच्या कमानीखाली वाकला तर आत पोलादी पट्टी नाही असं समजा. असा बूट घालून भारी माणूस पांदणीच्या दगडांवरून दोन किलोमीटर चालला की तळवा ठणकायला लागतो. आतून-बाहेरून जाडी कमीजास्त लागणारा, उग्र वासाचा बूट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

दुसरा नायट्राइल (तेलाला टिकणारं कृत्रिम रबर) मिसळलेल्या पीव्हीसीचा, बहुतेक वेळा बोटांवर पोलादी टोपणासह. भारी माणसाला आमची पहिली पसंती हाच, पण टोपणाशिवाय मिळाला तर. डिझेल आणि तेलाने तो साध्या पीव्हीसीसारखा लवकर कडक होत नाही, आणि घोट्याला जाड असतो. टोपणाची अडचण उकिडवं बसल्यावर कळते. निंदताना किंवा कापूस वेचताना टोपणाची मागची कड बोटांच्या मुळात रुतते, आणि रुंद पंजाच्या माणसाला संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतो. टोपण लाकडं, दगड, मोटर उचलणाऱ्यासाठी आहे. वावरात त्याहून उपयोगाची तळातली पोलादी पत्री. सोंगलेल्या तुरीचं तिरपं धसकट भारी माणसाच्या वजनाने साधा तळ आरपार भेदतं. पत्री आहे का ते दुकानदाराकडून पक्कं करून घ्या, बाहेरून दिसत नाही.

तिसरा रबराचा. महाग आणि खेड्यात क्वचितच मिळणारा, पण घोट्याला सगळ्यात लवचीक. चिरला तर घासून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ त्यावर धरतं. पीव्हीसीवर तेच पंक्चरचं सोल्युशन दोन दिवसांत सुटतं, त्याला पीव्हीसीचाच गोंद लागतो, आणि घडीवरची चीर त्यानेही फार दिवस जुळून राहत नाही. उन्हात टाकून ठेवलेला रबरी बूट मात्र तडकतो. पीव्हीसीच्या बुटावर आयएस १२२५४ आणि रबरी बुटावर आयएस ५५५७ हा क्रमांक आयएसआय खुणेसोबत पाहून घ्या.

आता मापाचं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. पोटरी बुटात जात नाही म्हणून ९ नंबरचा माणूस ११ नंबर घेऊन येतो. एका नंबरात लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, म्हणजे दोन नंबरांत जवळपास पावणेदोन सेंटिमीटर. तोंडाचा घेर मात्र तितक्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे पोटरी जेमतेम बसते आणि पाऊल आत खेळतं: नखं काळी पडतात, टाचेला फोड येतात, बूट चिखलात राहतो. योग्य नंबरच घ्यावा आणि तोंड कापावं. पुष्कळ बुटांवर वरच्या भागात आडव्या रेघा असतात, त्या रेघेवरून धारदार कात्रीने सरळ कापता येतं. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, पॅन्टवरून पोटरीचा घेर मोजा. बुटाच्या तोंडाचा आतला घेर त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवा. कापताना गरजेपेक्षा एक बोटही जास्त कापू नका. धुऱ्याच्या गवतात घोणस आणि नाग असतात, साप बहुतेक पावलाला किंवा नडगीलाच चावतो, आणि बुटाची उंची तिथे कामी येते.

नंबर बघताना जाड सुती मोजा घालून पाऊल पुढे सरकवा. बोटं टेकल्यावर टाचेमागे एक बोट जावं. मग दुकानातच दहा पावलं चाला. टाच बुटात एका सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल तर तो बूट काळ्या मातीत पायात राहणार नाही. आतली फोमची गादी भारी वजनाने काही आठवड्यांत पापडासारखी होते आणि त्याबरोबर टाच ढिली पडते, म्हणून घट्ट, चार-पाच मिलिमीटरची गादी वेगळी घ्या आणि बूट मापताना तीच आत ठेवा.

तळाचे दाते उंच आणि विरळ हवेत. दाट नक्षीत काळी माती भरली की तळ गुळगुळीत होतो आणि एकेका पायाला किलोभर माती चिकटते. पण फार रुंद तळाचा बूट ट्रॅक्टरवर घालू नका, तो पेडलांत अडकतो.

फवारणीसाठी वेगळा जोड ठेवा, आणि तो आतून कापडी अस्तर नसलेलाच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा इथे काटकसर करू नका. पॅन्ट बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर मांडीवरून ओघळणारं औषध थेट बुटात उतरतं आणि दिवसभर पाऊल त्यातच भिजत राहतं. काम झाल्यावर हातमोजे न काढता बूट पायातच साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवा, मग काढा. अस्तराचाच बूट वापरला आणि अस्तर औषधाने भिजलं तर तो जोड धुऊन वापरू नये, टाकून द्यावा.

मोटरपंपाचा स्टार्टर चालू करताना साध्या गमबुटाच्या भरवशावर राहू नका, आत घाम आणि पाणी असतंच. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या रोवणीत तर गमबूट नकोच. चिखलणी केलेल्या बांधीत भारी माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, बूट पाण्याने भरतो आणि उपसून काढावा लागतो.

दुपारी मोजे बदला, नाहीतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. साखरेचा आजार असेल तर रोज रात्री तळवे उजेडात पाहा, फोड आलेला कळत नाही. बूट सावलीत, दोन खुंट्यांवर उलटे टांगून वाळवा. सकाळी घालण्याआधी उलटे करून तळ एकमेकांवर आपटा. विंचू आणि मण्यार दोघांनाही आतला अंधार आवडतो.